आरोपीच्या पिंजऱ्यातील शिक्षिका

तालुक्याच्या गावी महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन जवळ आले की नाटक कोणते बसवावयाचे याचा खल सुरू होतो. पैसा थोडा, पडदे मागून आणलेले, आणि काम करावयास तयार असलेल्या मुली दोन, फार तर तीन. या सर्व अटींत बसणारे नाटक शोधता शोधता मंडळी पुष्कळदा कोर्टाच्या नाटकापाशी येऊन थांबतात. कोर्टाला देखावा लागत नाही. एक टेबल, चार खुर्च्या आणि लाकडी पिंजरा झाला की काम भागते. काळा डगला कोणाही ओळखीच्या वकिलाकडून उसना मिळतो. शिवाय खटला म्हटला की निकाल काय लागतो हे पाहिल्याशिवाय प्रेक्षक उठत नाही, ही सोय वेगळीच.

अशा वेळी हमखास पुढे येणारे नाव म्हणजे विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. सहा पुरुष, दोन स्त्रिया आणि एकच स्थळ. महाविद्यालयांनी हे नाटक उचलावे यात नवल नाही. परंतु सोयीचे म्हणून निवडलेले हे नाटक बसवू लागले की मुळीच सोयीचे राहत नाही. या नाटकाचा इतिहास आपल्यापुढे मांडावा असे वाटले, त्याला दोन कारणे आहेत. एक, हे नाटक मुंबईच्या नाटककाराने लिहिले असले तरी ते घडते आमच्या नामपुरासारख्याच एखाद्या गावातील सभागृहात. आणि दुसरे, त्यातील आरोपी ही शाळेतील शिक्षिका आहे. शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत या खटल्याची कागदपत्रे एकदा उलगडून पाहावयास हरकत नसावी.

रंगमंचावर कोर्ट भरविण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचा नववा अंक हा संपूर्ण न्यायालयातील आहे. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप येतो. फिर्यादी कोण, तर ज्याने तिचा गळा दाबला तोच शकार, राजाचा मेहुणा. न्यायाधीश आधी त्याची फिर्याद त्या दिवशी घेण्याचे टाळू पाहतो, तेव्हा हा मेहुणा राजाला सांगून न्यायाधीशच बदलून टाकण्याची धमकी देतो! पुढे पुरावा जमत जातो तो असा : उद्यानात एका स्त्रीचे प्रेत सापडते आणि मित्राच्या काखेतून नेमके वसंतसेनेचे दागिने कोर्टातच खाली पडतात. चारुदत्त निर्दोष असून जवळजवळ गप्प राहतो. न्यायाधीश भला माणूस आहे, तो हद्दपारीची शिफारस करतो, पण राजा देहदंड फर्मावतो. दहाव्या अंकात वसंतसेना जिवंत पुढे येते म्हणून चारुदत्त वाचतो, एवढेच. खोटी फिर्याद, सत्तेचा दाब, परिस्थितीजन्य पुरावा आणि गप्प राहणारा आरोपी, हा सर्व ऐवज आपल्या रंगभूमीजवळ शेकडो वर्षांपूर्वीपासून आहे. वकिलीची उलटतपासणी तेवढी इंग्रजी अमदानीत आली.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत कोर्ट हेच एक नाटक होऊन बसले, ते १९५९ साली. नौदलाचे कमांडर नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीच्या मित्राला गोळी घातली, आणि सत्र न्यायालयातील ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना हा कौल पटला नाही व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. कोर्टाबाहेर लोटलेली गर्दी, वर्तमानपत्रांचे रकाने आणि घराघरांत चाललेला खल यांमुळे निकाल देण्याची चटकच लोकांना लागली असे म्हणावे लागेल. मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ हे नाटक याच प्रकरणावरून सुचलेले. ज्युरीची पद्धत पुढे आपल्याकडून गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. गंमत अशी की रेजिनल्ड रोझ यांच्या १९५४ सालच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या अमेरिकन कथानकावरून बासू चटर्जी यांनी ‘एक रुका हुआ फैसला’ हा हिंदी चित्रपट काढला तो १९८६ साली, म्हणजे आपल्या देशात ज्युरी उरली नव्हती तेव्हा. तरीही कोणा प्रेक्षकाला ते खटकले नाही, आणि महाविद्यालयांतून ती बारा माणसे हिंदीत आणि मराठीत अद्याप भांडत असतात. कायद्यातून ज्युरी गेली तरी माणसांच्या मनातून ती जात नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

आता मूळ विषयाकडे येतो.

१९५० आणि १९६० च्या दशकांत मुंबईत हौशी मंडळींचा एक करमणुकीचा प्रकार चाले, ‘अभिरूप न्यायालय’. एखाद्या गाजलेल्या व्यक्तीवर किंवा प्रश्नावर लुटुपुटीचा खटला भरावयाचा, कोणी न्यायाधीश, कोणी वकील, कोणी साक्षीदार, आणि दोन तास लोकांना हसवीत शहाणे करावयाचे. अशीच एक मंडळी विलेपार्ल्यात कार्यक्रमासाठी आलेली तेंडुलकरांना भेटली, पत्ता दाखविताना त्यांच्या आपसांतल्या गप्पा कानांवर पडल्या, आणि त्यातून नाटकाचे बीज पडले अशी हकीगत तेंडुलकरांनी स्वतः सांगितली आहे. स्विस लेखक फ्रीडरिश ड्युरेनमॅट यांच्या १९५६ सालच्या ‘दी पाने’ या कथेशीही या नाटकाचे साम्य दाखविले जाते. तेथे निवृत्त न्यायाधीश व वकील एका फिरत्या विक्रेत्यावर जेवणाच्या टेबलाशी खटला चालवितात आणि खेळ त्याच्या जिवावर बेततो. साम्य आहेच. पण माझ्या मते खरा फरक खुर्चीवर बसलेल्या माणसांत आहे. ड्युरेनमॅटची माणसे कायदा कोळून प्यालेली आहेत. तेंडुलकरांच्या माणसांपैकी कोणीच आपल्या कामात पुरते यशस्वी नाही. वकील सुखात्मे यांची वकिली चालत नाही. शास्त्रज्ञ म्हणून मिरविणारा पोंक्षे इंटर नापास. कर्णिक प्रायोगिक नट म्हणवतो. बाळू रोकडे काशीकरांच्या अन्नावर वाढलेला, त्यामुळे त्याला स्वतःचे मत नाही. समाजकार्यकर्ते काशीकर न्यायाधीश, आणि सौभाग्यवती काशीकर शेजारी. अपयशी माणसाला निकाल देण्याची हौस अधिक असते हे तेंडुलकरांनी नेमके हेरले. स्वतः त्यांनी चौदाव्या वर्षी, १९४२ च्या चळवळीत, शाळा सोडली होती. पुढे विद्यापीठांनी त्यांची नाटके अभ्यासक्रमांना लावली, हा भाग निराळा.

या मंडळींत एक आहे लीला बेणारे. वय चौतीस, अविवाहित, शाळेत शिक्षिका. विद्यार्थ्यांची लाडकी, वेळेची पक्की, आणि थट्टामस्करीत कोणाला हार न जाणारी. मंडळी रात्रीच्या कार्यक्रमासाठी गावात आली आहे. खटला व्हावयाचा आहे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दल. एक सभासद आजारी पडल्यामुळे गावातील सामंत नावाच्या भोळ्या माणसाला साक्षीदार करावयाचे ठरते, आणि त्याला कोर्टाची रीत समजावी म्हणून तालीम सुरू होते. तालमीसाठी आरोपी कोण, तर बेणारे बाई. आरोप, भ्रूणहत्या. भारतीय दंडविधान कलम ३०२ खाली.

येथे क्षणभर थांबा. कलम ३०२ हे खुनाचे कलम होते. (१ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि खुनाचे ते कलम आता १०३ झाले.) गर्भपातासंबंधीची कलमे ३१२ पासून पुढची. म्हणजे या कोर्टाला आरोपाचे कलमसुद्धा धड माहीत नाही. प्रेक्षागृहात एखादा वकील बसलेला असेल तर तो येथे हसतो, बाकीचे हसत नाहीत. आकडा ऐकून त्यांना खटला खराच वाटू लागतो.

यापुढे जे होते ते नागरिकशास्त्राच्या तासाला वर्गात शिकविण्यासारखे आहे. न्यायाची दोन तत्त्वे आपण मुलांना सांगतो. जो प्रकरणात गुंतला आहे त्याने न्यायासनावर बसू नये, आणि दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये. या कोर्टात फिर्यादीचा वकील आणि आरोपीचा वकील एकच, सुखात्मे. शपथ घ्यावयाची ती इंग्रजी शब्दकोशावर हात ठेवून. न्यायमूर्ती कामकाज चालू असताना कान कोरत बसतात. सामंत बिचारा साक्ष काय द्यावी हे न सुचल्याने वाचीत असलेल्या एका स्वस्त कादंबरीतले प्रसंग आपण पाहिले म्हणून सांगतो, आणि ते बेणारेच्या खऱ्या आयुष्याशी जुळतात. खोटी साक्ष खरी ठरते. मग बाकीच्यांना चव लागते. पोंक्षे सांगतो की हिने माझ्याशी लग्नाची गोष्ट काढली, हिच्या पर्समध्ये टिक-ट्वेंटीची बाटली होती. रोकडे सांगतो, माझ्याकडेही आली होती. सौ. काशीकरांना बाईंचे इतक्या वयाची होऊन लग्न न करणे हेच पुराव्यासारखे वाटते. आणि शेवटी न्यायमूर्ती काशीकर खुर्चीवरून उठून स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातात! कानावर पडलेली एक हकीगत सांगतात. हकीगत कोठली, तर शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांच्या घरची. साक्ष संपवून ते परत न्यायासनावर बसतात. याहून मोठा अन्याय रंगमंचावर दाखविता येईल असे मला वाटत नाही, आणि तो दाखविला आहे थट्टेच्या सुरात.

ज्याच्यामुळे हे सारे झाले ते प्राध्यापक दामले या मंडळींचेच सभासद. ते आज आलेले नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी आहे, त्यांना समन्स नाही, त्यांच्यावर आरोप नाही. विवाहित गृहस्थ, घरी मुलेबाळे. कोर्टाला त्यांची आठवण होते ती आरोपीविरुद्धचा मुद्दा म्हणून.

आणि निकाल? आरोप होता भ्रूणहत्येचा. शिक्षा अशी, की आरोपीच्या पोटातील गर्भ नष्ट करण्यात यावा. ज्या कृत्यासाठी तिला गुन्हेगार ठरविले तेच कृत्य तिने केले पाहिजे असा हुकूम होतो, आणि हे कृत्य तिने केलेले तर नाहीच, ते मूल तिला हवे आहे. त्यासाठीच तर ती नवऱ्याचे नाव शोधत दारोदार हिंडली. न्यायाच्या भाषेत बोलणाऱ्या माणसांना आपण काय बोललो याची जाणीवही होत नाही. विद्यार्थ्यांना मी इतिहास शिकविताना जुन्या काळचे विचित्र खटले सांगतो, जोन ऑफ आर्कचा, गॅलिलिओचा. त्या न्यायाधीशांजवळ निदान आपले म्हणून एक तर्कशास्त्र होते. येथे तेही नाही.

हे नाटक प्रथम रंगमंचावर आले डिसेंबर १९६७ मध्ये, राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने. संस्था ‘रंगायन’, विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदींनी १९६० मध्ये सुरू केलेली. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे. बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. आणि आता एक गोष्ट सांगतो जी शिक्षक वाचकांना आवडेल. सुलभाताई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. मुलांची नाटके बसवीत असत. बेणारेच्या तोंडी वर्गाविषयीची, मुलांविषयीची जी वाक्ये आहेत ती त्यांना पाठ करावी लागली, पण समजून घ्यावी लागली नसतील.

या नाटकात बेणारेचे जे शेवटचे दीर्घ स्वगत आहे, ज्यावर नाट्यशिक्षण घेणाऱ्या मुली आजही आपली परीक्षा देतात, ते तेंडुलकरांच्या मनात सुरुवातीला नव्हते. तालमी चालू असता अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला की इतके सोसल्यावर बाईने बोलले पाहिजे. नाटककार राजी नव्हता. अखेर त्याने लिहिले. लिहिले, पण कसे? न्यायमूर्ती आरोपीला आपली बाजू मांडण्यास दहा सेकंदांचा अवधी देतात. तेवढ्यात काळ थांबतो, बाकीची माणसे पुतळ्यासारखी होतात, आणि बेणारे बोलते. पंधराव्या वर्षी मामाने केलेली फसवणूक, त्या वेळचा जीव देण्याचा प्रयत्न, मग ज्याची बुद्धी पूजिली त्याने शरीराचा घेतलेला उपभोग, आणि पोटात वाढणाऱ्या जिवासाठी आता जगण्याची इच्छा. बोलणे संपते, पुतळे हलतात, न्यायमूर्ती नोंद करतात : वेळ संपली, आरोपीला काही सांगावयाचे नाही.

आपल्या लक्षात आले असेल. ते स्वगत कोर्टाने ऐकलेलेच नाही. ते फक्त आपण ऐकले. कोर्टाच्या दप्तरी शांतता आहे. ‘शांतता!’ हा पुकारा आपण नेहमी प्रेक्षकांसाठी समजतो, येथे तो एका बाईसाठी आहे. दिग्दर्शकाचा आग्रह राहिला आणि नाटककाराचा हट्टही. बाई बोललीही आणि तिला कोणी बोलूही दिले नाही. रंगभूमीच्या इतिहासात असे तडजोडीतून निघालेले सोने क्वचित सापडते.

नाटकाचा पुढचा प्रवास वेगाने झाला. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट काढला, छायालेखन गोविंद निहलानी यांचे, बेणारे पुन्हा सुलभाताईच. अमोल पालेकरांचा हा पडद्यावरचा प्रारंभीचा चित्रपट. त्याच वर्षी देशपांडे दांपत्याने अरुण काकडे यांच्यासह ‘आविष्कार’ ही संस्था काढली आणि १९७४ पासून त्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांचे केंद्र उभे राहिले. शाळेचे सभागृह नाटकाला दिल्याने शाळेचे काही बिघडत नाही, हे संस्थाचालकांच्या नजरेस आणून देतो. हिंदीत ‘खामोश! अदालत जारी है’ हा प्रयोग ओम शिवपुरी यांच्या ‘दिशांतर’ने दिल्लीत केला. प्रिया आडारकर यांचे इंग्रजी भाषांतर १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि देशभरातील विद्यापीठांत इंग्रजी विभागांनी ते अभ्यासाला लावले. अशा रीतीने मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्यांनीही बेणारे उभी केली. तेंडुलकरांना खऱ्या कोर्टाची ओळख मात्र पुढे झाली. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’वर परीनिरीक्षण मंडळाने कात्री चालविली, तेव्हा निर्माते-दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. तेथे मात्र दुसरी बाजू ऐकली गेली.

माझ्या महाविद्यालयीन वर्षांत आम्ही हे नाटक बसविले होते. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यातील एक निरीक्षण मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. सौ. काशीकरांच्या भूमिकेसाठी मुली सहज मिळाल्या. चौघी आल्या, एकीची निवड झाली. बेणारेसाठी कोणी मिळेना. एकीच्या घरून निरोप आला की दुसरे काहीही काम द्या, हे नको. दुसरीने संहिता दोन दिवस ठेवून घेतली आणि न बोलता परत केली. तिसरी तयार झाली. तिचा थोरला भाऊ रोज तालमीला येऊन मागच्या बाकावर बसे. विचार करा, बोलून बोलून एका बाईचा जीव नकोसा करणारी स्त्री व्हावयास कोणाच्याच घरची हरकत नव्हती. हरकत होती ती जिच्यावर अन्याय होतो ती होण्याला. खोटाखोटासुद्धा आरोप आपल्या मुलीच्या नावाला चिकटू नये ही त्या पालकांची भीती मी चूक म्हणत नाही. ती भीती म्हणजेच तेंडुलकरांचे नाटक आहे. गावात तर अभिरूप न्यायालय भरवावे लागत नाही, ते पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, शाळेच्या शिक्षक-खोलीत भरलेलेच असते.

प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या अंकात पोरे खूप हसली. टिक-ट्वेंटीच्या बाटलीलाही हसली. तिसऱ्या अंकात हसणे कमी कमी होत गेले. कोणत्या वाक्याला ते थांबले हे मला सांगता येणार नाही. थोरला भाऊ त्या रात्री मागे नव्हता, पुढच्या रांगेत होता.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे, कारण इतिहास लिहिताना ती टाळून चालत नाही. नाटक आले तेव्हा गर्भपात, स्त्रीचा जीव वाचविण्याखेरीज अन्य कारणाने केल्यास, गुन्हा होता. १९६४ साली शांतिलाल शहा समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशींवरून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा ऑगस्ट १९७१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यातही गर्भनिरोधक साधन निकामी झाल्याचे कारण विवाहितेलाच सांगता येई. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीला २० ते २४ आठवड्यांच्या काळातील मुभा नाकारता येणार नाही असे ठरविले. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. मात्र बेणारेला गर्भपात नकोच होता हे विसरू नये. तिचा प्रश्न निराळा होता : ठरविणार कोण?

नोकरीचे काय? पहिल्याच अंकात बेणारे बोलता बोलता सांगून जाते की शाळेने तिच्याविरुद्ध चौकशी सुरू केली आहे. माझ्या शिकविण्यात कोणी दोष दाखवावा, असा तिचा आव आहे. तो आव खोटा नाही. दोष तिच्या शिकविण्यात नाहीच. परंतु तिचे खाजगी आयुष्य आणि तिचा फळा यांच्यामध्ये भिंत आहे हे तिच्या अध्यक्षांना मान्य नाही, आणि १९६७ साली खाजगी शाळेतील शिक्षकाला दाद मागण्यासाठी शाळा न्यायाधिकरण अस्तित्वात नव्हते. ते आले महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्याने, जो १५ जुलै १९८१ पासून अमलात आला. चौकशी समिती, आरोपपत्र, लेखी उत्तर, साक्षी तपासण्याचा हक्क, आणि बडतर्फीवर न्यायाधिकरणाकडे अपील, हे सर्व आज आहे. आम्हा शिक्षकांना या कायद्याची कलमे पाठ नसतात, पण तो आहे म्हणून झोप लागते. बेणारे बाईंची बडतर्फी आज न्यायाधिकरणापुढे टिकली नसती असे मला वाटते. परत कामावर घेतल्यावर शिक्षक-खोलीत कोण तिच्या शेजारी चहाला बसले असते, याविषयी कायद्यात कलम नाही.

पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले, मुंबई विद्यापीठाने २००३ मध्ये नाट्यशिक्षणाची अकादमी काढली. नाट्यशास्त्र रीतसर शिकलेली मुले आता तालुक्यांपर्यंत येऊ लागली आहेत. त्यांच्या प्रयोगांत प्रकाशयोजना उत्तम असते. विधी महाविद्यालयांतून अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा होतात, तेथे उमेदवार वकील खोटा खटला खऱ्या नियमांनी लढवावयास शिकतात. तेंडुलकरांनी नेमके उलटे दाखविले होते, खरा खटला खोट्या नियमांनी. विधीच्या विद्यार्थ्यांनी हे नाटक एकदा तरी करावे असे वाटते. निदान सुखात्मेची भूमिका त्यांच्यासाठी राखून ठेवावी.

जे कोणी हे नाटक हाती घेतील त्यांना एक विनंती आहे. प्रयोग लांबतो म्हणून शेवट कापण्याची प्रथा पडली आहे. निकाल लागतो, स्वगत होते, टाळ्या पडतात, आणि पडदा. मूळ संहितेत तसे नाही. निकालानंतर बाहेरून दार उघडते, गावातील काही माणसे आत डोकावतात आणि कार्यक्रम सुरू झाला की काय म्हणून चौकशी करतात. मंडळी दचकते, एकदम भानावर येते, आणि हे सारे खोटे होते, खेळ होता, मनावर घेऊ नका, असे म्हणत रात्रीच्या कार्यक्रमाच्या तयारीला लागते. बेणारे तशीच पडून राहते. तिच्याजवळ जातो तो एकटा सामंत. तोही काही बोलत नाही. पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तिच्या शेजारी ठेवून निघून जातो. त्या माणसाने अजाणता खोटी साक्ष दिली होती हे आपण विसरलेलो नसतो.

दारातून डोकावणाऱ्या त्या माणसांना काढून टाकू नका. त्यांना संवाद जेमतेम, रंगभूषा नाही, तालीमही फारशी लागत नाही. चार-पाच माणसे पुरतात, आणि कार्यक्रम केव्हा सुरू होणार म्हणून दारात उभी असलेली चार-पाच माणसे कोणत्याही गावी प्रयोगाच्या दिवशी आपोआप आलेलीच असतात.